लहान भिंगे, लांब रात्री : तेजोमेघांच्या छायाचित्रणाचा इतिहास

ताऱ्यांच्या मधल्या अवकाशात पसरलेल्या वायूच्या आणि धुळीच्या विरळ ढगांना तेजोमेघ म्हणतात. त्यांतले काही जवळच्या तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांमुळे स्वतःच प्रकाशू लागतात, काही शेजारच्या ताऱ्याचा प्रकाश केवळ परावर्तित करतात, आणि काही इतके अपारदर्शक असतात की मागच्या तारकांच्या दाटीवर उमटलेल्या काळ्या आकृतीवरूनच त्यांचे अस्तित्व कळते. तिन्ही प्रकारांत मानवी डोळ्याची अडचण एकच आहे. डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. सेकंदाच्या लहानशा अंशात जेवढा प्रकाश आत आला तेवढ्यावरच तो प्रतिमा घडवतो, त्यामुळे एखाद्या मंद वस्तूकडे तासभर टक लावून पाहिले तरी ती पहिल्या क्षणापेक्षा फारशी उजळ होत नाही. प्रकाशसंवेदी रसायनाचा थर दिलेल्या काचेवर मात्र पहिल्या मिनिटाच्या प्रकाशात दुसऱ्या मिनिटाचा प्रकाश मिळत जातो. झडप उघडी ठेवून थरावर प्रकाश पडू देण्याच्या या क्रियेला शास्त्रीय परिभाषेत उद्भासन म्हणतात, व्यवहारात एक्स्पोजर. आणि तेजोमेघांविषयीचे आधुनिक ज्ञान बऱ्याच अंशी या क्रियेचा कालावधी वाढवत नेण्यातून हाती आले आहे. मोठ्या वेधशाळांच्या प्रचंड आरशांची कीर्ती सर्वपरिचित असली, तरी या क्षेत्रात निर्णायक ठरलेली साधने पुष्कळदा हातभर लांबीचीच होती, आणि त्यामागचे कारण प्रकाशशास्त्रातच सापडते.

छायाचित्रणापूर्वी तेजोमेघाची नोंद म्हणजे हाताने काढलेले चित्र. मृग नक्षत्रात, तीन ताऱ्यांच्या सरळ रेषेच्या म्हणजे बाणाच्या दक्षिणेला, जो तेजोमेघ नुसत्या डोळ्यांनाही धूसर ठिपक्यासारखा दिसतो, त्याचे चित्र शार्ल मेसिए यांनी अठराव्या शतकात काढले; पुढे जॉन हर्शेल आणि लॉर्ड रॉस यांच्यासारख्या निष्णात निरीक्षकांनी त्याचे तपशील महिनोन् महिने खपून कागदावर उतरवले. ही चित्रे एकमेकांशी जुळत नाहीत. एकाला जिथे पंखासारखा विस्तार दिसला तिथे दुसऱ्याला गाठी दिसल्या, आणि मग हा फरक तेजोमेघातला की निरीक्षकाच्या हातातला, हा प्रश्न उभा राहिला. तेजोमेघ काही दशकांत आकार बदलतात असे मानणारे विद्वान होते, आणि त्यांना खोडून काढण्याचे साधन कोणाकडेही नव्हते. १८६४ साली विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशाचे घटक रंग वेगळे करणाऱ्या उपकरणातून पाहिला आणि त्यात ताऱ्यांसारखा अखंड पट्टा नसून मोजक्या तेजस्वी रेषा आहेत हे दाखवून दिले. असे तेजोमेघ म्हणजे दूरच्या ताऱ्यांची गर्दी नसून खरोखरीचा वायू आहे, हे त्यावरून ठरले. पण त्या वायूचा आकार विश्वासाने नोंदवणारा साक्षीदार अजून मिळायचा होता.

तो मिळायला उशीर झाला याचे कारण रसायनात होते. १८५१ पासून प्रचारात आलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर थर देऊन ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावी लागे आणि थर ओला असेपर्यंतच, म्हणजे साधारण दहा-पंधरा मिनिटांत, उद्भासन व प्रक्षालन दोन्ही उरकावे लागे. चंद्र, सूर्य आणि ठळक तारे यांना एवढा वेळ पुरे, तेजोमेघांना मात्र तो मुळीच पुरेसा नव्हता. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म कण मिसळून कोरड्या थराची काच सुचवली, आणि १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट यांनी ते मिश्रण दीर्घकाळ कोमट ठेवून ‘पिकवले’ तर त्याची संवेदनक्षमता अनेक पटींनी वाढते हे प्रसिद्ध केले. कोरडी काच आधीच तयार करून ठेवता येई, आणि दुर्बिणीमागे बसवल्यावर ती तासन् तास तशीच राहू शके. खगोलशास्त्राच्या इतिहासात दुर्बिणीच्या शोधाइतकाच या साध्या दिसणाऱ्या बदलाचा मान असायला हवा. तसा तो क्वचितच दिला जातो.

बेनेट यांच्या प्रकाशनानंतर दोन वर्षांतच, ३० सप्टेंबर १८८० रोजी, न्यूयॉर्कजवळच्या हेस्टिंग्ज-ऑन-हडसन येथील आपल्या खाजगी वेधशाळेतून हेन्री ड्रेपर यांनी मृगातल्या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. त्यांची दुर्बीण ११ इंच व्यासाच्या भिंगाची होती आणि उद्भासन सुमारे ५० मिनिटांचे. त्या चित्रात तेजोमेघाचा केवळ तेजस्वी गाभा उमटला. ड्रेपर यांनी कालावधी वाढवत नेला, मार्च १८८२ मध्ये तो १३७ मिनिटांपर्यंत पोचला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढच्या जानेवारीत लंडनजवळच्या ईलिंग येथे अँड्र्यू एन्सली कॉमन या अभियंत्याने आपल्या बागेतल्या ३६ इंची परावर्तक दुर्बिणीने, म्हणजे भिंगाऐवजी अंतर्वक्र आरशाने प्रकाश गोळा करणाऱ्या दुर्बिणीने, ३७ मिनिटांत त्याच तेजोमेघाचे जे चित्र मिळवले, त्यात डोळ्यांना कधीही न दिसलेले तारे आणि वायूचे पदर उमटले होते. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८८४ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले.

ड्रेपर यांना दोन तासांहून अधिक वेळ लागावा आणि कॉमन यांना त्याच्या जेमतेम चौथ्या हिश्शात त्याहून सरस चित्र मिळावे, याचे श्रेय आरशाच्या आकाराला देण्याचा मोह होतो, पण ते पूर्ण खरे नाही. तारा हा बिंदू असल्यामुळे त्याची प्रतिमा किती ठळक उमटेल हे मुख्यतः दुर्बिणीच्या व्यासावर ठरते. तेजोमेघ पसरट असतो. दुर्बीण मोठी आणि लांब केली तर प्रकाश जास्त गोळा होतो खरा, पण प्रतिमाही तेवढ्याच प्रमाणात पसरते, आणि काचेच्या एकेका चौरस मिलिमीटरच्या वाट्याला येणारा प्रकाश वाढतोच असे नाही. तो ठरतो नाभीय अंतराला, म्हणजे भिंगापासून प्रतिमेपर्यंतच्या अंतराला, व्यासाने भागून येणाऱ्या गुणोत्तरावर. हे गुणोत्तर जितके लहान, तितके साधन ‘जलद’. कॉमन यांच्या आरशाचे नाभीय अंतर व्यासाच्या सहापटीहूनही थोडे कमी होते, तर ड्रेपर यांची भिंगाची दुर्बीण त्या मानाने बरीच लांब, म्हणून मंद होती. यातून निघणारा निष्कर्ष त्या काळच्या अनेकांना अनपेक्षित वाटला : माणसांची छायाचित्रे घेणाऱ्याच्या दुकानातले आखूड, रुंद भिंग आकाशातल्या सर्वांत विस्तीर्ण आणि सर्वांत मंद तेजोमेघांसाठी मोठमोठ्या दुर्बिणींपेक्षा अधिक योग्य होते.

लांब उद्भासनाची खरी किंमत निरीक्षकाच्या शरीराने मोजली. पृथ्वी फिरत असल्यामुळे आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते (एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे विकला), आणि काचेवर तारा बिंदूच राहावा अशी इच्छा असेल तर दुर्बिणीने त्याच वेगाने, त्याच अक्षाभोवती फिरले पाहिजे. त्यासाठी पृथ्वीच्या अक्षाला समांतर असा फिरता दांडा असलेली बैठक आणि खाली उतरणाऱ्या वजनावर चालणारे घड्याळयंत्र वापरत. दातेरी चाकांतल्या किंचित दोषाने, नळीच्या वाकण्याने किंवा क्षितिजाकडे जाताना वातावरणाने किरणांना दिलेल्या वळणाने ही गती बिघडे, आणि पाच-दहा विकलांची चूकही तारे लांबट करून टाकी. म्हणून मुख्य साधनाला जोडून दुसरी एक दुर्बीण बसवत, तिच्या नेत्रभिंगात कोळ्याच्या जाळ्याचे दोन तंतू एकमेकांना छेदत ताणलेले असत, एक ठळक मार्गदर्शक तारा त्या छेदावर धरून ठेवायचा आणि तो सुटू लागला की हातातल्या खुंटीने दुर्बीण सूक्ष्म अंतराने मागेपुढे करायची, असे हे काम तीन-तीन, चार-चार तास चाले. घुमटात शेकोटी पेटवता येत नसे, कारण तापलेली हवा प्रतिमा थरथरवते. उठून चार पावले चालताही येत नसे, कारण तेवढ्यात तारा निसटे. एका रात्रीत काम पुरे झाले नाही, तर काचपेटी बंद करून दुसऱ्या रात्री तोच तारा त्याच छेदावर आणून पुढचे उद्भासन सुरू करत. निरीक्षकाचे लक्ष एखाद्या क्षणी ढळले असेल, तर काचेवरचा प्रत्येक तारा त्या क्षणाची साक्ष देई.

या कष्टांना फळ लवकर आले. पॅरिस वेधशाळेत पॉल आणि प्रॉस्पर आंरी या बंधूंनी नोव्हेंबर १८८५ मध्ये तीन तासांच्या उद्भासनात कृत्तिकांपैकी माया या ताऱ्याभोवती एक तेजोमेघ टिपला, जो तोवर कोणालाही दिसला नव्हता. मोठ्या दुर्बिणींतून तो प्रत्यक्ष पाहण्याचे यशस्वी प्रयत्न छायाचित्रानंतर झाले, आधी नव्हे. लिव्हरपूलजवळ मॅगल येथे राहणारे आयझॅक रॉबर्ट्स हे इमारतींचे कंत्राटदार होते, आणि डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांच्या कारखान्यातून त्यांनी २० इंची परावर्तक दुर्बीण करून घेतली होती. २९ डिसेंबर १८८८ रोजी त्यांनी चार तासांत देवयानी तारकासमूहातल्या मोठ्या तेजोमेघाचा जो फोटो घेतला, त्याने कित्येक दशकांचा गोंधळ मिटवला. जुन्या चित्रांत सरळ काळ्या भेगा म्हणून दाखवलेल्या रेषा म्हणजे प्रत्यक्षात तेजस्वी वलयांच्या मधल्या जागा निघाल्या. रॉबर्ट्स यांनी त्या वलयांत जन्म घेणारी सूर्यमाला पाहिली, आणि सूर्यमाला फिरत्या वायूच्या ढगातून घडली, या लाप्लासच्या तेजोमेघ-सिद्धांताचा तो पुरावा आहे असे अनेकांना वाटले. देवयानी ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे हे एडविन हबल यांनी १९२० च्या दशकात सिद्ध केले, तेव्हा रॉबर्ट्स यांचा अर्थ बाद झाला, छायाचित्र मात्र अबाधित राहिले. हाताच्या चित्रात निरीक्षण आणि अर्थ एकमेकांत विरघळलेले असत. काचेने ते पहिल्यांदा वेगळे केले.

लहान भिंगाच्या परंपरेला खरा वारसदार मिळाला तो एडवर्ड इमर्सन बर्नार्ड यांच्या रूपाने. अमेरिकेतल्या नॅशव्हिल येथे अत्यंत गरिबीत १८५७ साली जन्मलेला हा मुलगा नऊ वर्षांचाही नसताना एका छायाचित्रकाराकडे कामाला लागला. तिथे सूर्यप्रकाशावर चित्रे मोठी करणारे एक अवजड यंत्र होते, आणि दिवसभर चाके फिरवून ते सूर्याच्या दिशेने धरून ठेवणे हे त्याचे काम होते. आकाशातल्या सरकत्या वस्तूमागे यंत्र धीराने वळवत राहण्याचे याहून समर्पक शिक्षण दुसरे कोणते असू शकले असते? १८८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत रुजू झाल्यावर जगातली तेव्हाची सर्वांत मोठी, ३६ इंची भिंगाची दुर्बीण त्यांच्या शेजारी होती. तरी १८८९ च्या उन्हाळ्यात धनू राशीतल्या आकाशगंगेचे मेघ त्यांनी टिपले ते ६ इंच व्यासाच्या आणि ३१ इंच नाभीय अंतराच्या विलार्ड भिंगाने. हे भिंग मूळचे माणसांची चित्रे काढण्यासाठी घडवलेले होते. तीन तासांच्या आसपासच्या उद्भासनांत आकाशगंगेचे जे रूप उमटले, ढगांचे थर, त्यांतून वाहणाऱ्या काळ्या वाटा आणि त्या वाटांच्या कडेला विखुरलेले तेज, ते कोणत्याही मोठ्या दुर्बिणीच्या अरुंद दृष्टिक्षेत्रात मावणारे नव्हते. १८९४ मध्ये तर दीड इंचाच्या आसपास व्यासाचे, चित्रदीपातून, म्हणजे पडद्यावर चित्रे दाखवणाऱ्या दिव्यातून, काढलेले भिंग वापरून त्यांनी मृगाच्या मोठ्या भागाला वेढणारी तेजाची विशाल कमान टिपली. विल्यम पिकरिंग यांच्या १८८९ च्या चित्रांतही ती दिसली होती, पण आज ती बर्नार्ड यांच्याच नावाने ओळखली जाते.

त्याच काळात जर्मनीत हायडेलबर्ग येथे माक्स वोल्फ आपल्या घरच्या लहान वेधशाळेत असेच काम करत होते, आणि डिसेंबर १८९० मध्ये हंस तारकासमूहात त्यांना जो विस्तीर्ण तेजोमेघ मिळाला, त्याच्या आकारावरून त्यांनी त्याला उत्तर अमेरिकेचे नाव दिले.

काळ्या तेजोमेघांचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. हार्वर्ड वेधशाळेच्या ८ इंची छायाचित्रण-दुर्बिणीने १८८८ च्या फेब्रुवारीत घेतलेल्या एका काचेवर मृगाच्या बाणाच्या पूर्व टोकाच्या ताऱ्याखाली तेजाच्या पट्टीत शिरलेली अर्धवर्तुळाकार खाच विल्यमिना फ्लेमिंग यांनी ओळखून नोंदवली. घोड्याच्या डोक्यासारखी दिसणारी ही आकृती आज जगातल्या सर्वाधिक परिचित खगोलचित्रांपैकी एक आहे, आणि तरीही पुढच्या प्रसिद्ध सूचीत श्रेयाच्या जागी फ्लेमिंग यांचे नाव नव्हते, वेधशाळेच्या संचालकांचे होते. हा अन्याय नोंदवल्याशिवाय या विषयाचे कोणतेही लेखन पुरे होत नाही. अशा काळ्या जागा म्हणजे ताऱ्यांच्या गर्दीतली पोकळ भगदाडे, असे विल्यम हर्शेल यांच्यापासून मानले जात होते आणि बर्नार्डही बराच काळ तेच मानत. १९१३ च्या उन्हाळ्यातल्या एका रात्री आकाशगंगेच्या पार्श्वभूमीवर तरंगणारे पृथ्वीवरचेच छोटे काळे ढग पाहताना, तारकांतल्या काळ्या डागांशी असलेले त्यांचे साम्य बर्नार्ड यांना विलक्षण वाटले. १९१९ मध्ये त्यांनी १८२ काळ्या वस्तूंची यादी प्रसिद्ध केली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२७ मध्ये मेरी कॅल्व्हर्ट यांच्या परिश्रमाने पूर्ण झालेल्या आकाशगंगेच्या नकाशासंग्रहात ही संख्या ३४९ झाली. त्या संग्रहातली बहुतेक चित्रे माउंट विल्सनवर १९०५ मध्ये १० इंची ब्रूस भिंगाने घेतलेली होती. छापखान्याच्या शाईवर विश्वास न ठेवता प्रत्येक प्रतीत खरेखुरे छायाचित्र चिकटवण्याचा आग्रह बर्नार्ड यांनी धरला, आणि पस्तीस हजारांहून अधिक छायाचित्रे एकेक करून स्वतः तपासली.

या सर्व घडामोडींत महाराष्ट्राचा एक खरा धागा आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली, आणि १८८८ पासून तिथे ग्रब यांच्याच कारखान्याची २० इंची परावर्तक दुर्बीण होती. रॉबर्ट्स यांच्या दुर्बिणीची ती जणू बहीणच. कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) यांनी ती प्रामुख्याने वर्णपटाच्या अभ्यासाला लावली. त्या वेळी तेजोमेघांच्या वर्णपटातली सर्वांत ठळक हिरवी रेषा कशाची, यावर इंग्लंडमध्ये तीव्र वाद चालू होता. नॉर्मन लॉक्यर यांच्या मते ती मॅग्नेशियमच्या एका वर्णपट्ट्याची कड होती आणि तेजोमेघ म्हणजे आदळणाऱ्या उल्कांचे थवे होते. हगिन्स यांना ते मान्य नव्हते. रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड असेल तर ती एका बाजूने धूसर दिसली पाहिजे, अशी ही कसोटी होती. नायगमवालांनी १८९१ मध्ये मृगातल्या तेजोमेघाचे निरीक्षण प्रसिद्ध करून ती रेषा दोन्ही बाजूंनी स्वच्छ आणि धारदार असल्याचे नोंदवले. मृग पुण्याच्या आकाशात इंग्लंडपेक्षा कितीतरी उंचावर येतो, म्हणजे त्याचा प्रकाश वातावरणाच्या पातळ थरातून येतो. पुण्याच्या निरीक्षणाला हे नैसर्गिक बळ होते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर येथे त्यांनी तळ टाकला. ही वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालच्या वेधशाळेत गेली. पुण्याने एवढे साधन आणि एवढी परंपरा हातची जाऊ दिली, ही गोष्ट शंभराहून अधिक वर्षांनंतरही मनाला लागते. त्या हिरव्या रेषेचा उलगडा १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी केला : दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या अणूतून, प्रयोगशाळेत साधता न येणाऱ्या विरळ अवस्थेत, ५००.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा तो प्रकाश निघतो.

दरम्यान उद्भासन वाढवण्याची एक मर्यादाही लक्षात आली होती. प्रकाश निम्मा असेल तर वेळ दुप्पट केल्याने तोच परिणाम मिळावा, हा साधा नियम मंद प्रकाशाला लागू पडत नाही, कारण चांदीच्या क्षाराच्या कणावर एकामागून एक प्रकाशकण फार सावकाश पडले तर आधीच्याचा परिणाम पुढचा पोचेपर्यंत विरून जातो. कार्ल श्वार्झशिल्ड यांनी शतकाच्या वळणावर हे मोजून दाखवले. विसाव्या शतकातल्या छायाचित्रण-रसायनाचा बराच भाग या गळतीवर उपाय शोधण्यात गेला : दीर्घ उद्भासनासाठी खास घडवलेल्या ईस्टमन कोडॅकच्या काचा, उद्भासनाच्या वेळी कोरड्या बर्फाने थंड केलेला कॅमेरा, आणि १९७० च्या दशकापासून नायट्रोजन-हायड्रोजनच्या मिश्रणात गरम करून ‘तयार’ केलेली फिल्म. जुन्या काचांना निळा-जांभळा प्रकाशच कळत असे. तांबड्या रंगाला संवेदनशील थर आल्यावर हायड्रोजनची ६५६.३ नॅनोमीटरची रेषा टिपता येऊ लागली आणि आकाशातल्या तांबड्या तेजोमेघांची संख्या एकदम वाढली. १९५९ मध्ये स्ट्यूअर्ट शार्पलेस यांनी पालोमार वेधशाळेच्या छायाचित्रांवरून अशा ३१३ मेघांची सूची दिली. हौशी निरीक्षकांचे साधन मात्र या संपूर्ण काळात बर्नार्ड यांच्याच जातीचे राहिले. लाल दिव्याने उजळलेल्या तंतूंवर तारा धरून रात्रभर बसणारा माणूस १९८० च्या दशकातही तसाच थंडीत कुडकुडत होता.

तो उठला तो इलेक्ट्रॉनिक संवेदकामुळे. १९६९ मध्ये शोध लागलेल्या सीसीडी चकतीवर पडणाऱ्या प्रकाशकणांतला फार मोठा हिस्सा विद्युतभारात रूपांतरित होतो, फिल्मवर जेमतेम काही टक्के नोंदला जाई. शिवाय श्वार्झशिल्ड यांची गळती इथे नाही. मार्गदर्शक ताऱ्यावर लक्ष ठेवण्याचे काम दुसऱ्या छोट्या चकतीने घेतले. सलग चार तासांऐवजी काही मिनिटांची शेकडो उद्भासने घेऊन ती संगणकावर एकमेकांवर रचतात, तेव्हा मेघाचा संकेत चित्रांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो आणि यादृच्छिक गोंगाट फक्त तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणून वेळ चौपट केला की चित्राची स्वच्छता दुप्पट होते. केवळ एका रेषेचा प्रकाश आत सोडणारे गाळणपट वापरल्यास शहराच्या उजेडाचा बराच भाग बाहेर राहतो, आणि ज्या गच्चीवरून आकाशगंगा दिसत नाही तिथूनही तेजोमेघाचे चित्र मिळू शकते. महाराष्ट्रात पावसाळ्याचे चार महिने वजा जातात; उरलेल्या कोरड्या रात्रींत मृग, धनू आणि हंस यांवर तासन् तास घालवणारी मंडळी आज पुण्या-मुंबईतही आहेत. पुण्यात १९४४ मध्ये उभ्या राहिलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी निरीक्षकांच्या संस्थांनी हा छंद घडवला आहे.

जानेवारी २००४ मध्ये जे मॅकनील या अमेरिकी हौशी निरीक्षकाने सुमारे ७.६ सेंटीमीटर व्यासाच्या दुर्बिणीने मृगाच्या एका भागाचे चित्र घेतले आणि त्यात अलीकडच्या चित्रांत नसलेला एक छोटा तेजोमेघ दिसला. एका नवजात ताऱ्याचा उद्रेक त्याने उजळवला होता. तेजोमेघ बदलतात की नाही, या मेसिए-हर्शेलच्या काळातल्या प्रश्नाला तळहाताएवढ्या भिंगानेही असे उत्तर दिले : काही खरोखर बदलतात, आणि मानवी आयुष्याच्या आत बदलतात.

२०२२ च्या शरदात फ्रान्समधल्या यान सँती यांनी १०६ मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने देवयानीवर अनेक रात्रींत मिळून सुमारे ११० तासांची उद्भासने जमवली, आणि मार्सेल ड्रेक्सलर व झाविए श्ट्रॉटनर यांच्यासह केलेल्या तपासणीत दीर्घिकेशेजारी सुमारे दीड अंश लांबीची, म्हणजे पूर्ण चंद्राच्या तिप्पट, एक निळसर कमान आढळली. ती देवयानीजवळची आहे की आपल्याच आकाशगंगेतल्या वायूची, यावर अभ्यासकांची चर्चा लगेच सुरू झाली. रॉबर्ट्स यांच्या चार तासांपासून आजवर देवयानीची अगणित छायाचित्रे निघाली. ही कमान त्यांच्या नजरेतून सुटली, कारण तिचा प्रकाश जवळजवळ एकाच रेषेत आहे आणि ती रेषा वेगळी काढून शंभरावर तास साठवण्याचे कोणी मनावर घेतले नव्हते. ती रेषा ५००.७ नॅनोमीटरची, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, जिची धार १८९१ मध्ये पुण्यात तपासली गेली होती.